रिकामे घर नावावर असताना युनिव्हर्सल क्रेडिट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये नोकरी गेल्यावर युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज भरायला बसलेले अनेकजण ‘राहत्या घराखेरीज तुमच्या मालकीची आणखी मालमत्ता आहे का’ या एका प्रश्नापाशी अडतात. कुणाचे जुने घर विक्रीला काढलेले असते, कुणाला वारशाने मिळालेले घर बंद पडून असते, तर कुणाचा महाराष्ट्रात एखादा फ्लॅट असतो. अशा वाचकांनी पुन्हापुन्हा पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. नियम प्रामुख्याने २०१३ च्या युनिव्हर्सल क्रेडिट विनियमांतील आहेत आणि ते इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडला लागू होतात. उत्तर आयर्लंडचे विनियम स्वतंत्र असले तरी त्यांची रचना बहुतांशी अशीच आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या नावावर एक रिकामे घर आहे. एवढ्याच कारणाने अर्ज नाकारला जाईल का?

नाही. घर नावावर असणे हे अपात्रतेचे कारण नाही. त्या घरातील तुमच्या हिश्शाची निव्वळ किंमत भांडवल म्हणून धरली जाते आणि ते भांडवल ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, तरच पात्रता जाते. म्हणून दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, कर्ज वजा केल्यावर घराची किंमत किती उरते (प्रश्न ४). दुसरी, ते घर काही काळ हिशेबातून वगळण्याची तरतूद तुम्हाला लागू होते का (प्रश्न ६ ते १० आणि १४). ही दुसरी बाजू अनेकांना ठाऊकच नसते. पात्र असलेली माणसे त्यामुळे अर्जच करत नाहीत, आणि याचे आम्हाला फार वाईट वाटते.

२. नोकरी गेल्यावर मिळणारी प्रत्येक मदत मालमत्ता पाहूनच दिली जाते का?

नाही. ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’ हा भत्ता तुम्ही भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या) वर्गणीवर अवलंबून असतो. त्यासाठी तुमची बचत, घरे किंवा जोडीदाराचे उत्पन्न पाहिले जात नाही आणि तो जास्तीत जास्त १८२ दिवस मिळतो. मागील दोन-तीन वर्षांत नियमित नोकरी झाली असेल, तर रिकाम्या घराचा विचार बाजूला ठेवून प्रथम हा अर्ज करावा. युनिव्हर्सल क्रेडिटही मिळत असेल, तर या भत्त्याची रक्कम त्यातून वजा होते. पूर्वीचा उत्पन्नाधारित जॉबसीकर्स अलाउन्स मात्र नव्या अर्जदारांसाठी बंद झाला असून त्याची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट आहे, त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केल्यास व्हिसाच्या अटीचा भंग होऊ शकतो. अशा वाचकांनी आधी इमिग्रेशन सल्लागाराशी बोलावे. वर्गणीवर आधारित भत्ता त्या अटीत येत नाही.

३. भांडवलाची मर्यादा नेमकी किती आहे?

६,००० पौंडांपर्यंतच्या भांडवलाचा काहीही परिणाम होत नाही आणि १६,००० पौंडांपेक्षा अधिक भांडवल असल्यास युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. यांच्या मधल्या टप्प्यात ६,००० च्या वरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे, किंवा २५० च्या अपुऱ्या भागामागेही, दरमहा ४.३५ पौंड इतके मानीव उत्पन्न (प्रत्यक्षात मिळाले नसले, तरी मिळाले असे मानलेले उत्पन्न) धरून ते तुमच्या रकमेतून वजा केले जाते. उदाहरणार्थ, भांडवल १०,००० पौंड असेल, तर दरमहा ६९.६० पौंड कमी मिळतात. एकटा अर्जदार असो वा जोडपे, मर्यादा तीच राहते. जोडप्याच्या बाबतीत दोघांचे भांडवल एकत्र मोजले जाते.

टॅक्स क्रेडिट्स (युनिव्हर्सल क्रेडिटपूर्वीचे सरकारी साहाय्य) मिळत असताना सरकारी सूचनेवरून युनिव्हर्सल क्रेडिटकडे वळवल्या गेलेल्यांना वरच्या मर्यादेतून बारा मूल्यांकन महिन्यांची सवलत होती. नव्याने अर्ज करणाऱ्याला ती मिळत नाही.

४. घराची किंमत कशी काढतात? मी घेतले तेव्हाची किंमत धरतात का?

खरेदीची किंमत येथे गैरलागू आहे. आजची बाजारभावाची किंमत धरली जाते. विक्रीला खर्च येणार असेल, तर त्या किमतीतून प्रथम १० टक्के वजा होतात आणि नंतर घरावर तारण असलेले कर्ज, म्हणजे मालमत्तेवरील बोजा, वजा होतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा मित्राकडून घेतलेले उसने पैसे घरावर तारण नसल्यामुळे वजा होत नाहीत.

समजा, रिकाम्या फ्लॅटची किंमत १,२०,००० पौंड आहे आणि त्यावर ९५,००० पौंडांचे गृहकर्ज बाकी आहे. १० टक्के गेल्यावर १,०८,००० उरतात आणि कर्ज गेल्यावर १३,०००. ही रक्कम १६,००० च्या आत असल्यामुळे पात्रता टिकते आणि मानीव उत्पन्नापोटी दरमहा १२१.८० पौंड कमी होतात. मात्र याच माणसाच्या बँकेत ४,००० पौंडांची बचत असेल, तर एकूण भांडवल १७,००० होते आणि पात्रता जाते. केवळ घराचा हिशेब करून निश्चिंत होऊ नये, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

युनिव्हर्सल क्रेडिट देणाऱ्या सरकारी विभागाने (डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स) धरलेली किंमत पटत नसेल, तर मान्यताप्राप्त सर्व्हेयरचा लेखी अहवाल सादर करता येतो. इस्टेट एजंटने जाहिरातीत लावलेला आकडा ही मागणीची किंमत असते. ग्राहक खरोखर किती देईल, हा मुद्दा वेगळा आहे.

५. मी भाड्याच्या घरात राहतो आणि माझे एकमेव स्वतःचे घर बंद आहे. ते ‘राहते घर’ म्हणून वगळले जाईल का?

सहसा नाही. राहते घर किमतीचा विचार न करता वगळले जाते, पण त्यासाठी त्यात प्रत्यक्ष राहणे आवश्यक असते आणि एका वेळी एकच घर राहते घर मानले जाते. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात भाड्याने राहू लागलेल्या माणसाचे राहते घर म्हणजे ते भाड्याचे घर. मालकीचे ‘दुसरे’ घर नाही, एवढ्यावर सूट मिळत नाही. थोड्या काळासाठी घराबाहेर असलेल्याची गोष्ट निराळी आहे: सामान घरीच आहे, परतण्याचा हेतू स्पष्ट आहे आणि दुसरीकडे संसार थाटलेला नाही, अशा वेळी ते अजूनही राहते घर आहे असे मांडता येते आणि निर्णय वस्तुस्थिती पाहून होतो.

६. घर विक्रीला काढले आहे. ते विकले जाईपर्यंत काय होते?

घर विकण्यासाठी तुम्ही वाजवी प्रयत्न करत असाल आणि ते प्रयत्न मागील सहा महिन्यांत सुरू झाले असतील, तर त्या घराची संपूर्ण किंमत हिशेबातून वगळली जाते. घर दोन लाखांचे असो वा पाच लाखांचे, त्याने फरक पडत नाही. रिकाम्या घराच्या मालकासाठी संपूर्ण विनियमांतील सर्वांत उपयोगी तरतूद हीच आहे.

तिच्यातील बारकावा मात्र नीट समजून घ्यावा. सहा महिने प्रयत्न सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात, अर्जाच्या तारखेपासून नाही. घर मार्चमध्ये विक्रीला काढले आणि नोकरी जुलैमध्ये गेली, तर अर्ज करताना मुदतीचे चार महिने आधीच संपलेले असतात. म्हणून एजंटशी झालेला करार, सॉलिसिटरला दिलेल्या सूचना, जाहिरातीची पहिली तारीख आणि घर पाहायला आलेल्या ग्राहकांची नोंद हे सर्व जपून ठेवावे. ‘वाजवी प्रयत्न’ म्हणजे बाजारभावाशी सुसंगत किंमत, घर दाखवण्याची तयारी आणि आलेल्या प्रस्तावांचा गांभीर्याने विचार. कुणी घेणारच नाही अशी किंमत लावून घर नुसते यादीत ठेवणे या व्याख्येत बसणार नाही.

७. सहा महिने उलटले तरी घर विकले गेले नाही. आता?

ही मुदत वाढवता येते. परिस्थिती पाहता वाढ देणे वाजवी आहे असे विभागाला वाटले, तर सहा महिन्यांची मुदत वाढवण्याचा अधिकार विनियमांनीच दिला आहे आणि वाढ किती असावी यावर ठरावीक बंधन नाही. ती आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. मुदत संपण्यापूर्वीच आपल्या ऑनलाइन खात्यातील जर्नलमध्ये लेखी विनंती नोंदवावी आणि विलंबाची कारणे द्यावीत: ठरलेला ग्राहक ऐनवेळी मागे हटला, भाडेपट्ट्याची कागदपत्रे यायला वेळ लागला, किंमत दोनदा कमी केली, सहमालकाची सही रखडली. प्रत्येक कारणासोबत एखादा कागद असला, तर विनंतीला वजन येते.

नकार आला, तर घराची किंमत भांडवलात धरली जाईल आणि त्या निर्णयावर दाद मागता येईल (प्रश्न २३).

८. घर विकल्यावर हातात आलेल्या पैशांचे काय?

विक्रीपर्यंत घर वगळलेले असले, तरी विक्रीची रक्कम ही रोख भांडवल असते आणि ती मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे: विकलेले घर पूर्वी तुमचे स्वतःचे राहते घर असेल आणि त्याच्या विक्रीची रक्कम तुम्ही राहण्यासाठी दुसरे घर घेण्याकरिता राखून ठेवली असेल, तर ती सहा महिने वगळली जाते आणि ही मुदतही वाढवता येते. केवळ गुंतवणूक म्हणून घेतलेल्या किंवा वारशाने आलेल्या, पण तुम्ही कधीच न राहिलेल्या घराच्या रकमेला ही सवलत नाही. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली, तर पुढे ती ओळखणे सोपे जाते.

९. रिकाम्या घरात मीच राहायला जाणार आहे, पण दुरुस्ती चालू आहे. तेव्हा?

त्या घरात राहण्याचा तुमचा हेतू असेल, तर तीन परिस्थितींत ते वगळले जाते: मागील सहा महिन्यांत खरेदी पूर्ण झाली आहे पण तुम्ही अजून राहायला गेला नाहीत, ताबा मिळवण्यासाठी मागील सहा महिन्यांत पावले उचलायला सुरुवात केली आहे, किंवा घर राहण्याजोगे होण्यासाठी अत्यावश्यक असलेली दुरुस्ती मागील सहा महिन्यांत सुरू झाली आहे. गळके छप्पर, बंद पडलेली हीटिंग यंत्रणा, असुरक्षित वायरिंग ही अत्यावश्यक कामे होत. केवळ सौंदर्यासाठी बदललेले स्वयंपाकघर त्यात येणार नाही. येथेही वाजवी कारण असल्यास मुदत वाढते. आम्ही सुचवतो की ठेकेदाराचे अंदाजपत्रक, काम सुरू झाल्याची तारीख आणि थांबले असल्यास थांबण्याचे कारण लिहून ठेवावे.

१०. मी जोडीदारापासून वेगळी झाले आणि घर सोडले. त्या घरातील माझा हिस्सा धरला जाईल का?

नाते तुटल्यामुळे तुम्ही राहते घर सोडले असेल, तर सोडल्यापासून सहा महिने ते घर वगळले जाते. पूर्वीचा जोडीदार मुलांना एकट्याने सांभाळत असेल आणि त्याच घरात राहत असेल, तर ही सूट सहा महिन्यांपुरती मर्यादित नसते. दोघांनीही घर सोडल्यामुळे ते रिकामे पडले असेल, तर पहिले सहा महिने संपण्यापूर्वीच विक्रीची पावले उचलावीत, म्हणजे प्रश्न ६ मधील सूट पुढे लागू होऊ शकते. संबंध न बिघडता केवळ परिस्थितीमुळे, उदाहरणार्थ एकाला केअर होममध्ये राहावे लागल्यामुळे, दोघे वेगळे राहत असतील आणि दुसरा त्या घरात राहत असेल, तर तेही घर वगळले जाते.

११. घर माझ्या आणि भावाच्या नावावर आहे आणि भाऊ विकायला तयार नाही. माझा हिस्सा निम्म्या किमतीचाच धरतात का?

वेगळा पुरावा नसेल, तर सर्व सहमालकांचे हिस्से समान मानले जातात. कमी-जास्त हिस्से असल्याचा दस्त असेल, तर तो दाखवावा. हिस्सा ठरल्यावर त्याची किंमत काढणे हा मात्र दुसरा आणि अधिक महत्त्वाचा टप्पा असतो. संपूर्ण घराच्या किमतीला दोनने भागून आलेला आकडा आणि तुमचा निम्मा हिस्सा बाहेरच्या ग्राहकाला विकल्यास येणारी रक्कम यांत मोठी तफावत असू शकते, कारण न विकणाऱ्या सहमालकाबरोबर अर्धे घर विकत घ्यायला फारच थोडे लोक तयार होतील. सहमालक स्वतः त्या घरात राहत असेल, तर ही रक्कम आणखी खाली येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सहमालकाला १९९६ च्या विश्वस्त जमीनविषयक कायद्याखाली न्यायालयाकडे विक्रीचा आदेश मागता येतो. म्हणून असा आदेश मिळण्याची शक्यता किती, याचाही हिश्शाच्या किमतीवर परिणाम होतो.

हा मुद्दा अर्जदाराने स्वतः मांडला नाही, तर सरळ भागाकार होण्याचीच शक्यता अधिक. सर्व्हेयरकडून अहवाल घेताना ‘घराची नव्हे, माझ्या अविभक्त हिश्शाची किंमत काढा’ असे स्पष्ट सांगावे.

१२. माझा फ्लॅट पुण्यात आहे, ब्रिटनमध्ये माझे काहीच नाही. तोही सांगावा लागतो का?

होय, सांगावाच लागतो. भांडवलाच्या नियमांत मालमत्ता कोणत्या देशात आहे याला सूट नाही. फरक पडतो तो किंमत काढण्याच्या पद्धतीत. त्या देशातून तेवढी रक्कम ब्रिटनमध्ये आणण्यास बंदी नसेल, तर तेथील बाजारभाव धरला जातो. बंदी असेल, तर ब्रिटनमधील इच्छुक ग्राहक त्या मालमत्तेला किती देईल ते पाहिले जाते. भारताच्या बाबतीत सर्वसाधारण बंदी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला करभरणा करून एनआरओ खात्यातून (भारतातील उत्पन्नासाठी अनिवासी भारतीयांनी भारतीय बँकेत ठेवलेल्या खात्यातून) एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. त्यामुळे ‘पैसे आणता येत नाहीत’ हा युक्तिवाद सहसा टिकत नाही.

१० टक्क्यांची वजावट आणि फ्लॅटवर तारण असलेल्या भारतीय बँकेच्या कर्जाची वजावट येथेही मिळते. रेडीरेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर असतो. तो बाजारभावापेक्षा कमी असला म्हणून तो दाखवणे योग्य नाही, आणि जास्त असला तर तो निमूटपणे मान्य करण्याचेही कारण नाही. स्थानिक मूल्यांकनकाराचा अहवाल इंग्रजीत घ्यावा. विक्री चालू असल्यास प्रश्न ६ मधील सहा महिन्यांची सूट भारतातील फ्लॅटलाही मागता येते. मुखत्यारपत्र, एजंटशी झालेला पत्रव्यवहार, सोसायटीकडे मागितलेला ना-हरकत दाखला हे प्रयत्नांचे पुरावे होत.

१३. गावच्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे, पण जमीन चुलते कसतात आणि मला काहीच मिळत नाही. तरीही ते माझे भांडवल?

तुमचा खरा मालकी हिस्सा असेल, तर तत्त्वतः होय. उत्पन्न मिळत नाही हा मुद्दा भांडवलाच्या प्रश्नात गौण ठरतो. पण हिस्सा किती आणि त्याची किंमत किती, हे दोन्ही प्रश्न येथे खरोखर अवघड असतात आणि ते अर्जदाराच्या बाजूने जाऊ शकतात. सातबारा हा महसुली अभिलेख आहे आणि त्यावरील नाव म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. वाटणी झालेली नसेल, तर सर्व वारसांची यादी करून आपला हिस्सा मांडावा लागतो. त्यात मुलींचाही समावेश होतो, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. घरातल्या बहिणींना वगळून हिस्से मोजले, तर स्वतःचा हिस्सा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

किमतीबाबत सांगायचे, तर अनिवासी भारतीयाला शेतजमीन भारतात राहणाऱ्या नागरिकालाच विकता येते आणि महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे शेतकरी असलेली व्यक्तीच ती घेऊ शकते. खरेदीदारांचे वर्तुळ असे लहान असताना, वाटणी न झालेला आणि नातेवाइकांच्या ताब्यातील हिस्सा विकून फारशी रक्कम येणार नाही, हे प्रश्न ११ मधील तर्कानेच मांडता येते. सातबारा, फेरफार आणि वारस नोंदीचे उतारे इंग्रजी अनुवादासह द्यावेत.

१४. माझ्या नावावरच्या घरात आई-वडील राहतात. ते घर रिकामे मानले जाईल का?

नाही, आणि बहुधा ते पूर्णपणे वगळलेही जाईल. जवळचा नातेवाईक तुमच्या मालकीच्या घरात स्वतःचे राहते घर म्हणून राहत असेल आणि त्याने ब्रिटनमधील पेन्शन क्रेडिटसाठीचे (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांच्या भत्त्यासाठीचे) पात्र वय गाठले असेल किंवा त्याची काम करण्याची क्षमता मर्यादित असेल, तर त्या घराची किंमत धरली जात नाही. आई-वडील, सासू-सासरे, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाऊ, बहीण हे जवळचे नातेवाईक होत. चुलते, मावशी, आते-मामेभावंडे या व्याख्येत येत नाहीत. घर कोणत्या देशात असावे, अशी अट या तरतुदीत घातलेली नाही.

आई-वडिलांच्या निधनानंतर घर बंद झाले, तर सूट संपते. त्या दुःखाच्या दिवसांत ही गोष्ट सुचत नाही हे आम्ही समजू शकतो, पण बदल कळवावा लागतो आणि घर विकायचे असल्यास पुढची सूट प्रयत्न सुरू केल्यापासूनच मिळते.

१५. बहीण म्हणून मी भावाला हक्कसोडपत्र करून दिले, किंवा घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने केले, तर प्रश्न सुटेल का?

लाभ मिळावा किंवा वाढावा या हेतूने भांडवल सोडले, तर ते अजूनही तुमच्याकडेच आहे असे मानले जाते. त्याला मानीव भांडवल म्हणतात. अर्जाच्या आधी काही आठवड्यांत केलेले बक्षीसपत्र हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. हेतू ठरवताना व्यवहाराची वेळ, तेव्हाची तुमची आर्थिक स्थिती आणि तुम्हाला भांडवलाचे नियम ठाऊक होते का, हे पाहिले जाते. वडिलांच्या निधनानंतर, नोकरी व्यवस्थित चालू असताना, कुटुंबातील रूढीप्रमाणे बहिणीने काही वर्षांपूर्वी सही केली असेल, तर त्या व्यवहारामागे लाभाचा हेतू होता असे म्हणणे कठीण आहे आणि तसे स्पष्टपणे लिहावे. आता अर्ज तोंडावर असताना सही करण्याचा आग्रह होत असेल, तर थांबावे: हिस्साही जाईल आणि भत्ताही मिळणार नाही.

खरे कर्ज फेडण्यासाठी किंवा वाजवी गरजेच्या वस्तू व सेवांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. मानीव भांडवल कायम तेवढेच राहत नाही. ते १६,००० च्या वर असेल, तर ते नसते तेव्हा जेवढे युनिव्हर्सल क्रेडिट मिळाले असते, तेवढ्याने ते दरमहा कमी होत जाते.

१६. घर कागदोपत्री माझ्या नावावर आहे, पण पैसे भावाने भरले आणि घर त्याचेच आहे. मग?

ब्रिटनमधील मालमत्तेबाबत केवळ कागदावरचा मालक आणि खरा लाभधारक वेगळे असू शकतात आणि भांडवल खऱ्या लाभधारकाचे धरले जाते. मात्र हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची असते: पैसे कुणाच्या खात्यातून गेले, हप्ते कोण भरतो, तसा दस्त खरेदीच्या वेळीच झाला होता का. भारतातील मालमत्तेबाबत असे लेखी विधान करण्यापूर्वी तेथील बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण एका कार्यालयात केलेला दावा दुसरीकडे अडचणीचा ठरू शकतो.

१७. पत्नी भारतात असते आणि फ्लॅट फक्त तिच्या नावावर आहे. मी एकट्याने अर्ज केला, तर?

तरीही तो फ्लॅट धरला जातो. जोडीदार ब्रिटनबाहेर असल्यामुळे तुम्हाला एकट्याच्या दराने अर्ज करावा लागला, तरी त्याचे भांडवल तुमच्या भांडवलात समाविष्ट मानले जाते. हा नियम अनेकांना अन्यायकारक वाटतो, कारण दर एकट्याचा मिळतो आणि भांडवल दोघांचे मोजले जाते. पण तो स्पष्ट आहे. पत्नी स्वतः त्या फ्लॅटमध्ये राहत असेल, तर घर रिकामे नाही हे आवर्जून सांगावे आणि ते वगळता येते का, यावर सल्लागाराचे मत घ्यावे.

१८. वडिलांचे येथील घर वारशाने मिळणार आहे, पण प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) व्हायचे आहे.

मृत व्यक्तीच्या संपत्तीची व्यवस्था पूर्ण होईपर्यंत ते घर तुमच्या मालकीचे होत नाही, त्यामुळे घराची पूर्ण किंमत लगेच तुमच्या माथी येत नाही. तुमच्याकडे असतो तो संपत्तीची योग्य वाटणी होण्याचा हक्क, आणि त्या हक्कालाही काही किंमत असू शकते. म्हणून ही बाब लपवू नये. मृत्यूची तारीख आणि प्रोबेटची स्थिती जर्नलमध्ये नोंदवावी.

१९. घर रिकामे ठेवण्यापेक्षा भाड्याने दिले तर बरे का?

भाड्याने दिल्यामुळे घर भांडवलातून वगळले जात नाही. भांडवलावर मानीव उत्पन्न धरले जात असताना प्रत्यक्ष भाडे उत्पन्न म्हणून पुन्हा धरले जात नाही. ते देय झाल्याच्या दिवसापासून भांडवलात मिळवले जाते. भाडेकरू असलेल्या घराची बाजारातील किंमत रिकाम्या घरापेक्षा कमी असू शकते, एवढाच काय तो फरक. विक्रीची सूट घ्यायची असेल, तर नवा भाडेकरू ठेवल्याने ‘वाजवी प्रयत्न’ या दाव्याला बाधा येते.

२०. घर कुणीच घ्यायला तयार नाही. तरीही किंमत धरणार का?

किंमत म्हणजे इच्छुक ग्राहक आज देईल ती रक्कम. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेल्या भीषण आगीनंतर बाह्य आवरणाचा दोष असलेल्या इमारतींतील अनेक फ्लॅट्सना बँका कर्ज देईनाशा झाल्या. अशा फ्लॅटची किंमत शेजारच्या निर्दोष इमारतीवरून काढणे चुकीचे आहे. अग्निसुरक्षेचा अहवाल, बँकांचे नकार आणि दुरुस्तीच्या खर्चाची नोटीस जोडून किंमत कमी धरण्याची मागणी करावी. किंमत गृहकर्जापेक्षा खाली गेली असेल, तर त्या घराचे भांडवल शून्य धरले जाते.

२१. रिकाम्या घराचे हप्ते आणि काउन्सिल टॅक्स (स्थानिक परिषदेचा घरावरील कर) भरायला मदत मिळते का?

युनिव्हर्सल क्रेडिटमधील घरखर्चाची मदत आणि गृहकर्जाच्या व्याजासाठीचे सरकारी कर्ज ही दोन्ही राहत्या घरापुरती असतात. इंग्लंडमध्ये एक वर्षाहून अधिक काळ रिकाम्या व फर्निचर नसलेल्या घरावर स्थानिक परिषद जादा काउन्सिल टॅक्सही आकारू शकते. काही अपवाद आहेत, म्हणून परिषदेकडे चौकशी करावी.

२२. फ्लॅट विकण्यासाठी भारतात जावे लागेल. त्या काळात रक्कम चालू राहील का? आणि हे घर मी पूर्वी सांगितलेच नसेल, तर?

परदेशातील वास्तव्य एका महिन्याहून अधिक होणार नाही असे अपेक्षित असेल आणि तसे झालेही नाही, तर पात्रता टिकते. जवळच्या नातेवाइकाच्या निधनासारख्या कारणाने आणखी एक महिना वाढ मिळू शकते. घराची विक्री हे अशा वाढीचे कारण नाही. नोकरी शोधण्याची बांधिलकी चालूच राहते, म्हणून जाण्यापूर्वी वर्क कोचला (रोजगार केंद्रातील तुमच्या सल्लागाराला) कळवावे आणि त्याच्या भेटीच्या तारखा सांभाळूनच प्रवास आखावा.

घर सांगायचे राहून गेले असेल, तर विभागाने शोधण्याची वाट न पाहता ते आजच जर्नलमध्ये लिहावे. जास्त मिळालेली रक्कम परत करावी लागते. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये चूक कार्यालयाची असली, तरी वसुलीचा अधिकार विभागाला आहे. निष्काळजीपणासाठी ५० पौंडांचा दंड होऊ शकतो, तर जाणूनबुजून लपवल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते. वसुलीची रक्कम काढताना भांडवल दर ९० दिवसांनी, त्या काळात जास्त दिलेल्या रकमेइतके, कमी झाल्याचे धरले जाते. मर्यादेच्या किंचितच वर असलेल्यांनी हा हिशेब झाला आहे का, हे अवश्य विचारावे.

२३. निर्णय चुकीचा वाटतो. काय करावे?

निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे अनिवार्य फेरविचार, मागावा. सबळ कारण असल्यास उशिराची विनंती १३ महिन्यांपर्यंत स्वीकारली जाऊ शकते. फेरविचाराचे उत्तर आल्यावर एका महिन्यात फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या शाखांमध्ये अर्ज लिहिण्यास विनामूल्य मदत मिळते. विनंतीत केवळ ‘निर्णय अन्यायकारक आहे’ असे न लिहिता वाद नेमका कशाचा आहे ते नोंदवावे: घराच्या किमतीचा, हिश्शाच्या प्रमाणाचा, सहा महिन्यांच्या आरंभाच्या तारखेचा की हेतूचा. यांपैकी प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा असतो आणि तो त्या-त्या प्रश्नाच्या उत्तरात वर दिला आहे.